आईच्या मातीचं मी काय केलं

एल्डर रिज, दक्षिण हंबोल्ट
१४ मे

ती. टॅन्सीताईस,

धाकट्या रोवनचा नमस्कार. (स्वीकारायचा की नाही, ते पत्र संपल्यावर ठरव. घाई नाही.) तुझा डावा गुडघा कसा आहे? युरेकाच्या धुक्यात तो जास्तच कुरकुरत असणार. तुझी ती एका डोळ्याची मांजर अजून आहे का? असेल तर तिला माझ्याकडून काही सांगू नकोस, आईच्या अंत्यविधीच्या दिवशी तिने माझ्या बुटात जे केलं ते मी विसरलेलो नाही. इकडे तुझी भावजय इंग्रिड बरी आहे, मीही बरा आहे. छप्पर गळतं, पण ते तू इथे होतीस तेव्हाही गळायचंच. आपण दीड तासाच्या अंतरावर राहतो आणि नऊ वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. कुणी विचारलं तर मी रस्ता खराब आहे असं सांगतो. तू काय सांगतेस, ते मला माहीत नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला शेवटचं पान आधी वाचावं लागणार नाही (तुझी जुनी खोड). आईची माती मेली. मी मारली. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहितोय असा गैरसमज करून घेऊ नकोस. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा सख्ख्या भावाकडून कळलेलं बरं, एवढाच हेतू.

आता आईच्या मातीबद्दल मी तुला सांगणं म्हणजे आजीला अंडं उकडायला शिकवणं. नदीचा गाळ आणि बकऱ्यांची लेंडी तिच्या पाठोपाठ बादलीतून वाहिलीस ती तू. मी तेव्हा पाळण्यात होतो. पण गेले दोन महिने मी मनातल्या मनात ती पहिल्यापासून पुन्हा कालवतोय, म्हणून लिहितो. गाळ, लेंडी, ओकखालचा कुजका पाचोळा, आणि मग दरवर्षी थोडंथोडं: समुद्रशेवाळ, कालवांच्या शिंपल्यांचा चुरा, खेकड्यांची कवचं, भारतातून पोत्यांनी येणारी निंबोळी पेंड, आणि गांडुळांनी फुकट केलेलं काम. गांजाचं पीक निघालं की खोड जमिनीलगत कापायचं, मुळं आतच कुजू द्यायची, वर क्लोव्हरचं गवत पेरायचं, वसंतात तेच कापून तिथेच पसरायचं आणि वर पेंढा. माती कधी फेकायची नाही आणि कधी उकरायची नाही. "वाढा आणि झाका," एवढाच आईचा मंत्र. चार वाफे, पंचेचाळीस वर्षं, एकच माती. आपण लहान असताना हेलिकॉप्टरं आली आणि गणवेशातले लोक सगळी रोपं उपटून घेऊन गेले, तेव्हा आई पायरीवर बसून चहा पीत म्हणाली होती, "वासरू नेलं येड्यांनी, गाय इथेच ठेवली." पुढच्या मोसमात त्याच मातीत दुपटीने पीक आलं. आता तर रीतसर परवाना आहे, भिंतीवर चौकटीत लावलाय, आणि पीक निम्मं येतं.

हे निम्म्याचं दुखणं सगळ्या अनर्थाचं मूळ. दोन वर्षं पीक घटत होतं. माझ्या समजुतीप्रमाणे माती थकली होती. (इंग्रिडच्या समजुतीप्रमाणे मी थकलो होतो आणि पाणी वेळेवर देत नव्हतो. तिची समजूत मी इथे केवळ प्रामाणिकपणा म्हणून नोंदवतो.) मग फेब्रुवारीत एका तरुणाचा व्हिडिओ पाहिला. त्याची नखं अगदी स्वच्छ होती, ते पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं. त्याचं म्हणणं, जुनी माती वर्षानुवर्षं वापरता येते, पण अधूनमधून ती सगळी बाहेर काढायची, खुराक घालून नव्याने कालवायची, ढीग करून झाकायची आणि महिनाभर 'शिजू' द्यायची. आता हे काही खोटं नाही. नवी माती अशीच शिजवतात. पण आईची माती पंचेचाळीस वर्षांपूर्वीच शिजून तयार झाली होती, वाढलेल्या जेवणाला पुन्हा कोण फोडणी देतं? मी दिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चारही वाफे मी फावड्याने रिकामे केले. ऑरिनकडून त्याचं काँक्रीट कालवायचं यंत्र आणलं. (ऑरिन म्हणजे आपला तोच, बकऱ्यावाला. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला, तरी आपल्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख अजून तोच आहे, कारण दुसरं कुणी ते पद घेत नाही.) यंत्र सुरू झालं तसा त्याने आत डोकावून विचारलं, "पेंड किती घातलीस?" मी म्हटलं, पाचपट. तो म्हणाला, "आणि मासळीची भुकटी?" तीही पाचपट, आणि लसूणघासाचा चुरा, आणि त्याच्याच खुराड्यातली कोंबड्यांची ताजी घाण. "तुझ्या आईने, मार्गोने हे बघितलं असतं तर तुलाच यंत्रात घातला असता," एवढं बोलून तो बकऱ्यांचं दूध काढायला निघून गेला. आपल्याकडे लोक सल्ला देतात तो असा, काम झाल्यावर आणि जाता जाता.

ढीग लावला, काळी ताडपत्री घातली, वर दगड ठेवले. चौथ्या दिवशी आत हात घातला तो चटका बसून बाहेर आला. मला आनंद झाला. शिजतंय म्हणजे जिवंत आहे, असं मी इंग्रिडला समजावलं. तिने फॉइलमध्ये गुंडाळून दोन बटाटे ढिगात पुरले, ते दुपारपर्यंत मऊ झाले. तिने त्यातला एकही मला दिला नाही. दहाव्या दिवशी मासळीच्या वासाने अस्वल आलं. मला वाटलं होतं ते ताडपत्री फाडून हुंगेल आणि जाईल, पण ते तिथे दोन दिवस मुक्कामाला राहिलं. ढिगात अर्धं बुडून पडून राहायचं, माणूस गरम पाण्याच्या कुंडात पडतो तसं. हाकलायला मी भांडी बडवली तर कूस बदललं. शेवटी आपणहून गेलं, जाताना ताडपत्रीही घेऊन गेलं. का नेली, ते तेच जाणे.

आता ताडपत्री नाही म्हटल्यावर वाफ मोकळी झाली. मार्चअखेरची थंड सकाळ होती, पलीकडच्या डोंगरधारेवरच्या लोकांना आपल्या अंगणातून पांढरा लोट वर जाताना दिसला. ज्या डोंगरावर दर उन्हाळ्यात आपण वणव्याच्या भीतीने सामान बांधून ठेवतो, तिथे लोट दिसला की कुणी वाफ आहे की धूर असं विचारत बसत नाही, आणि तसं विचारूही नये. त्यांनी वायरलेसवरून कळवलं. पंधरा मिनिटांत ऑरिन बंब आणि चार माणसं घेऊन हजर. मी त्या वेळी संडासात होतो, हे मुद्दाम नमूद करतो, कारण दलाच्या पुढच्या सभेत मी तिथेच उभा राहून बघत होतो असं बोललं गेलं. विजार सावरत बाहेर येतो तो काय, पाण्यात तो आग विझवायचा फेस मिसळून पाचही जणांनी ढीग पार गाडून टाकलेला. आणि वाईट म्हणजे पाचही जण जन्मभर गांजा पिकवलेले. हातात नळी, तोंडाने चर्चा: "पेंढा कमी पडला रे, म्हणून तापला." "पेंढा नाही, कोंबडीची घाण. मी वासावरून सांगतो." "उलटवायला हवा होता." मी ओरडलो की अरे ही माती आहे, आईची माती आहे, बंद करा. तेव्हा ऑरिनने नळी बंद केली. मग खाली वाकून त्याने मूठभर उचलली, नाकाशी नेली, आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं. त्याने एरवी कुणाच्या प्रेताला टोपी काढलेली मी पाहिलेली नाही.

तरी मी हार मानली नाही. चार वेळा धुऊन, पसरून, वाळवून माती पुन्हा वाफ्यांत भरली आणि दहा रोपं लावून पाहिली. आठवड्यात पानांची टोकं जळाली, दुसऱ्या आठवड्यात रोपं पिवळी पडून मान टाकून बसली. गेल्या रविवारी मी चारही वाफ्यांत कोपरभर खोल खणून गांडूळ शोधलं. दुपार गेली. एक नाही. मातीला वासही नाही, ताई. आईच्या मातीला पावसाळ्यानंतर कसा वास यायचा, गाजरासारखा, ते तुला आठवत असेल. मी वाफ्याच्या फळीवर बसलो आणि चक्क रडलो. इंग्रिडने पाहिलं आणि आत जाऊन कॉफी करून आणली.

दुकानातली पोती आणून भरली तर पीक येईल, नाही असं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावणी झाली म्हणजे मोसम वाया जात नाही. पण ती आईची माती नव्हे. आई पावासाठी आंबवलेल्या पिठातला एक गोळा नेहमी मागे ठेवायची. मातीचंही तसंच, मूठभर विरजण असलं तर बाकीची लागते. एके काळी या रिजवर बारा घरांनी आईकडून एकेक बादली नेली होती. मी सगळीकडे विचारून आलो. नऊ घरं धंदा बसल्यावर विकून गेली, वाफ्यांच्या जागी आता त्यांचे नवे मालक मोटारी लावतात. दोघांनी माती डोंगरउतारावर ओतून दिली. ऑरिनच्या वाफ्यावर बकऱ्या बांधल्या आहेत. मी विचारल्यावर तो म्हणाला, "तिथून घे हवी तर, पण आता त्यात मार्गो कमी आणि बकरी जास्त."

तर असं आहे. कळवायचं ते कळवलं. तुझं काही म्हणणं असेल तर ऐकून घ्यायला मी तयार आहे, आणि नसेल तर तेही समजू शकतो. गुडघ्याला एरंडेल लावून बघ.

तुझा धाकटा भाऊ,
रोवन

ता. क. : गेल्या सप्टेंबरात युरेकाच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो आला होता, डेलियाच्या स्पर्धेत लागोपाठ तिसरं पहिलं बक्षीस. मी तो कापून ठेवला आहे. (अभिनंदन करायचं राहून गेलं. अभिनंदन.) फूल जेवणाच्या ताटाएवढं होतं. मला फुलांतलं कळत नाही, पण मातीतलं थोडं कळतं. आई गेल्यावर तू अर्धा वाफा मागितलास, तेव्हा ही माती इथलीच, ती हलवायची नाही, असं मोठं भाषण करून मी तुला फक्त एक बादली दिली, तिला फीत बांधून. ती बादली आईच्या वाफ्यातली नव्हती. ती दुकानातल्या पोत्यातली होती. नऊ वर्षं हे मी लपवून ठेवलंय, आज लिहून मोकळा झालो. त्या बादलीत ताटाएवढं फूल सात जन्मांत येणार नाही.

ता. क. दुसरा : आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मी सभागृहाच्या खुर्च्या परत करून आलो, तेव्हा तुझी मोटार ओझ्याने मागच्या बाजूला दबली होती आणि चौथ्या वाफ्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात पेंढा आडवा पसरलेला होता. आई उभा पसरायची, मी उभा पसरतो. आडवा फक्त तू पसरतेस. खाली दोन टोपल्या मावतील एवढा खड्डा होता. कपडे धुवायच्या टोपल्याही घरातून नाहीशा झाल्या होत्या. मी कुणालाही सांगितलं नाही. खड्डा घुशींनी केला असं इंग्रिडला सांगितलं आणि नऊ वर्षं तुला मनातल्या मनात चोर म्हणत आलो, दर वेळी त्या कोपऱ्यात पाणी घालताना. इतक्या शिव्या दिल्यात की त्या आठवल्या तरी आता लाज वाटते. तू चोरली नसतीस तर आज आईची एक मूठही उरली नसती.

ता. क. तिसरा : इंग्रिडने पत्र वाचलं. तिने विचारलं, "हे मागणं आहे की फिर्याद?" म्हणून सरळ लिहितो. एक टोपली माती दे, ताई. हात जोडून मागतो. जमलं तर स्वतः घेऊन ये, तुझी खोली आहे तशीच आहे, गळतं ते फक्त खिडकीपाशी. मांजरही आण, बूट मी माळ्यावर ठेवीन. मला तुझी फार आठवण येते, हे मी नऊ वर्षं रस्त्यावर ढकलत आलो. रस्ता चांगला आहे. वळणांवर गाडी सावकाश चालव, माती ओली ठेव, आणि आलीस की मला हाक मारत बसू नकोस, थेट चौथ्या वाफ्याकडे जा. जागा तुला दाखवावी लागणार नाही.