कोपरा फाटलेलं पत्र

सदाशिव पेठ, पुणे
९ ऑक्टोबर १९८१

ती. थोरले काका यांचे सेवेशी,
श्रीधरचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या हेमाचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याला बँकेत आहे, मुहूर्त २९ नोव्हेंबरचा. आई रीतसर लिहीलच. बाबा गेल्यानंतरचं घरातलं हे पहिलं कार्य, त्यामुळे ती आत्तापासूनच पापड वाळत घालते आहे आणि आम्हाला गच्चीवर पाय ठेवू देत नाही. डॉक्टरांनी आपल्याला प्रवासाची बंदी केली आहे हे तिला ठाऊक आहे, तरी दिवसातून एकदा म्हणतेच, की भावोजी हवे होते.

आता माझं. फेब्रुवारीत मद्रासजवळ शोलावरमला मोटारींच्या शर्यती पाहून आलो. आईला सांगितलं, कंपनीच्या कामाला गेलो होतो. तिथे एका निळ्या गाडीने चौथ्या फेरीत मान टाकली आणि तिच्याभोवती जमलेले लोक चक्क मराठीत एकमेकांवर खेकसत होते. विचारलं तर मालक म्हणजे आपले मकसूदभाई निघाले, विमानाच्या कारखान्यात आपल्या हाताखाली होते ते. गाडी ढकलायला मीही हात लावला. त्यांचा ड्रायव्हर त्याच दिवशी त्यांना सोडून गेला.

काका, मला ती गाडी चालवायची आहे. हडपसरला पाच वर्षं मी नव्या ट्रकांची चाचणी घेतो, कात्रजचा घाट मला पाठ आहे, पण शर्यतीत एकदाही उतरलेलो नाही. अशा माणसाला कुठलाही बरा संघ दारात उभा करणार नाही. मकसूदभाईंचा संघ बरा नाही, म्हणून तर धीर होतो. आपण शब्द टाकाल का? विचारलंच तर उंची पाच फूट चार इंच, कंबर अठ्ठावीस.

आईला यातलं काही माहीत नाही. लग्न पार पडेपर्यंत तिला हा घोर नको. तेव्हा लिहाल ते माझ्या नावाने लिहावं.

प्रकृतीस जपावं आणि या पुतण्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नये.

आपला,
श्रीधर

*

बंगळूर
२४ ऑक्टोबर १९८१

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद.

आजवर तुझी पत्रं परीक्षेच्या निकालाएवढी असत, पास झालो, कळावे. या वेळी चांगलं पानभर लिहिलंस, तेव्हाच ओळखलं की काहीतरी मागणं आहे.

मकसूदकडे जाऊन आलो. त्याच्या संघात एक गाडी, एक गुलजार नावाचा मिस्त्री आणि पुष्कळशी आशा एवढंच उरलं आहे. दोन वर्षांत ती गाडी एकदाही शर्यत पुरी करू शकलेली नाही. मी तुझं नाव काढताच म्हणाला, ट्रक चालवणारा माणूस या गाडीत बसला तर तिला गुदगुल्या होतील. मग तू गाडी ढकलल्याचं सांगितलं. त्याला तू आठवलास. बाकीचे बघे त्या दिवशी हसत होते, म्हणाला, तो एकटा ढकलत होता. विचार करून सांगतो म्हणाला.

आता नीट ऐक. त्याचं ठरलं की मी कळवीन. तार करणार नाही. लग्नघरात तारवाला दारात उभा राहिला, की तुझी आई तार उघडायच्या आधीच जमिनीवर बसेल. साधं पत्र टाकीन. आणि ते आलं की लग्नाचे लाडू चघळत बसू नकोस. मकसूदच्या दारात दुसराही एक मुलगा खेटे घालतो आहे, आणि त्याच्यामागे पैसेवाला सासरा आहे.

आईला ही लपवाछपवी करतोस ते मला पसंत नाही. पण लग्नापुरतं गप्प बसतो.

आहे तसाच उद्योगी राहा. माझा आशीर्वाद आहेच.

गोपाळकृष्ण काका

*

बंगळूर
८ डिसेंबर १९८१

श्रीधरपंत यांस,

आपण तीन तारखेस आला नाहीत. मी दोन आणि तीन, दोन्ही दिवस सकाळी स्टेशनवर होतो. डॉक्टरांनी मला जिना चढायची बंदी केली आहे, फलाटावर उभं राहायची नाही, असा सोयीचा अर्थ मी काढला.

मकसूदने चाचणीसाठी विमानांच्या जुन्या धावपट्टीवर संध्याकाळपर्यंत गाडी उभी ठेवली. गुलजारने तुमच्या मापाची बैठक पत्रा ठोकून तयार केली होती. चार तारखेला सासरा असलेला मुलगा आला आणि ती जागा त्याची झाली. यायचं नव्हतं तर दोन ओळी टाकता आल्या असत्या. पुण्यात पोस्टाच्या पेट्या पुष्कळ आहेत असं मला आठवतं.

हेमाचं कार्य नीट पार पडलं असेल. तिला आणि जावईबापूंना माझे आशीर्वाद सांगावेत. तेवढी तसदी घ्याल अशी आशा आहे.

गोपाळकृष्ण

*

सदाशिव पेठ, पुणे
१७ डिसेंबर १९८१

चि. सौ. हेमास अनेक आशीर्वाद.

तू माहेरपण आटोपून गेलीस त्याला आठवडा झाला. घर फार मोठं वाटतं. हे पत्र तू एकटी असताना वाच.

मी बंगळूरच्या एका शर्यतीच्या संघात ड्रायव्हरची जागा मिळावी म्हणून काकांना साकडं घातलं होतं. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरभर वाट पाहिली. दोनदा आईला सहज विचारलं, काकांचं काही आलं का. ती नाही म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, नकार असेल, काकांना कळवायचं जिवावर आलं असेल. ट्रंककॉल करावा असंही मनात आलं, पण नकार ऐकायला आपण होऊन कशाला जायचं, म्हणून राहिलो. मला आज त्याचीच सगळ्यांत जास्त चीड येते.

सोमवारी काकांचं पत्र आलं. पोस्टमनने ते आईच्या हातात दिलं. वरचं अक्षर पाहून ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि मला हाक मारून म्हणाली, हे कोणी लिहिलंय बघ. काकांचंच अक्षर, असं मी म्हणालो, तेव्हा ती रडायला लागली. काका गेले असं ती तीन आठवडे धरून चालली होती.

तुझ्या लग्नाआधी सहा दिवस बंगळूरहून एक आंतर्देशीय पत्र आलं होतं. पत्ता परक्या अक्षरात, आणि कोपरा फाडलेला. मृत्यूची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडतात, ते घरात आणत नाहीत, एवढं तुला ठाऊकच आहे. काका बाबांचे सख्खे भाऊ, म्हणजे दहा दिवसांचं सुतक आणि तुझं लग्न बंद. पण सुतक कळल्यापासून लागतं. म्हणून आईने ते वाचलंच नाही. जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे खोचून ठेवलं. तू सासरी रुळलीस की मग उघडायचं, असं तिने ठरवलं होतं.

ते मी सोमवारी उघडलं. आत काकांच्याच अक्षरात तीन तारखेची चाचणी, कुठली गाडी धरायची ते, आणि शेवटी एवढंच, की जागा तुझी, फक्त येऊन बस.

तेव्हापासून मी आईशी बोललेलो नाही. तिची चूक नाही हे मला कळतं.

तुला हे लिहायला नको होतं, पण दुसरं कोण आहे. सासरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
श्रीदादा

*

पुणे
१९ डिसेंबर १९८१

ती. भावोजी यांस,
मथुरेचा शिरसाष्टांग नमस्कार.

कोणत्या तोंडाने लिहू कळत नाही. श्रीधरने आपल्याला सगळं कळवलं असेल. तो माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे मला काही सांगत नाही.

मी आपल्याला जिवंतपणी गेलेलं धरलं. अक्षता टाकताना आपलं नाव मनात घेतलं आणि माफी मागितली, की आपल्यासाठी रडायलासुद्धा मी मुहूर्त बघते आहे. पंगतीत गोडाचा घास घेतला नाही. लोक म्हणाले, मुलगी जाणार म्हणून आईला जेवण जात नाही. मी तसंच समजू दिलं.

मुलीचं लग्न मोडू नये एवढंच पाहिलं. त्या कागदात मुलाचं नशीब आहे हे मला कुठून ठाऊक असणार? एका शब्दाने कोणी सांगितलं असतं, तर मी ते पत्र दोन्ही हातांनी उघडलं असतं, मग आत काहीही असो.

आपण हे मनात ठेवू नये. दृष्ट काढून टाकावी, शेजारच्या बाईंना सांगावं. आपल्या दर्शनाची इच्छा आहे. आम्हा सर्वांवर आपली छाया राहू द्यावी.

मथुरा

*

अकोला
२८ डिसेंबर १९८१

ती. श्रीदादास,
हेमाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गच्चीवर जाऊन वाचलं.

तो दिवस मला आठवतो. आईची अंघोळ पहाटेच झाली होती आणि अकरा वाजता ती पुन्हा थंड पाण्याने न्हात होती. मी मैत्रिणींसमोर तिला हसले. म्हटलं, आईला लग्नाच्या गडबडीत अंघोळ केलेलीही आठवत नाही. ती ओल्या केसांनी बाहेर आली आणि माझ्याच केसांना तेल लावायला बसली. दादा, ती आतून काय घेऊन बसली होती, आणि मी हसले.

माझ्या लग्नाने तुझी जागा गेली हे मला जन्मभर टोचेल. पण तू गप्प बसून तिला शिक्षा करतो आहेस, आणि ती तुला कारण विचारणार नाही, कारण तिला ते पटलेलं आहे. तिने पत्र लपवलं आणि तू शर्यत लपवलीस. आपल्या घरात सगळेच एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प बसतात. तिच्याशी बोल. नाहीतर मी भांडायला येईन, आणि इकडे नवी सून म्हणून मला उगीच नावं ठेवतील.

माझी काळजी नसावी. माया असू द्यावी.

तुझी,
हेमा

*

बंगळूर
८ मार्च १९८२

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझ्या आईचं, दोन्ही डिसेंबरातच पोहोचली होती. उत्तराला उशीर झाला, कारण मी लाजलो होतो. स्टेशनवरून घरी येऊन मी पाच दिवस रागात बसून राहिलो, एक तार तेव्हाच केली असती तर कदाचित मकसूदला थांबवता आलं असतं. जिवंत माणसाच्या मरणाची वार्ता उठली तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. आईला सांग, तिने मला फुकटात दहा वर्षं दिली, आता रडणं पुरे.

कोपऱ्याचं कोडं मकसूदनेच सोडवलं. पत्र मी त्याच्या गॅरेजमध्ये बसून लिहिलं. तुझं माप गुलजारला द्यायला चिटोरा हवा होता, तेव्हा त्याने माझ्यासमोरच पत्राचा कोरा कोपरा फाडला, त्यावर माप लिहिलं, पत्र चिकटवलं, आणि माझा चष्मा सापडत नव्हता म्हणून पत्ताही त्यानेच घातला. मी पेठेत वाढलेला, सत्तरीचा ब्राह्मण, समोर बसून चहा पीत होतो, आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. मकसूदला आपली रीत ठाऊक असायचं कारण नाही. मला होतं.

शोलावरमची शर्यत झाली. तो मुलगा उंच, बैठक तुझ्या मापाची, नवी करायला पत्रा नव्हता. गुडघे स्टिअरिंगला घासत त्याने नऊ फेऱ्या काढल्या आणि बाहेर आला. मकसूदने गाडी कोइमतूरच्या माणसाला विकून टाकली. पुन्हा संघ उभा करणार नाही म्हणतो. तेव्हा पुढच्या वर्षीचं काही लिहीत नाही, खोटी आशा दाखवायला मला जमत नाही.

विकण्याआधी गुलजारने बैठक काढून घेतली. ती रेल्वेने पाठवली आहे, सोडवून घे. कोपरा या पाकिटात आहे.

तुझा अपराधी काका,
गोपाळकृष्ण

*

सदाशिव पेठ, पुणे
२२ मार्च १९८२

ती. थोरले काका यांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

बैठक मिळाली. सायकलच्या कॅरिअरला बांधून स्टेशनावरून आणली. टिळक रस्त्यावर एका गृहस्थांनी थांबवून विचारलं, की हे न्हाणीघरातलं आहे का. मी हो म्हटलं.

कोपरा आईने पाहिला. आत गेली, भाताची खळ घेऊन आली आणि तो त्या पत्राला चिकटवला. पत्र इतके दिवस मीटरच्या पेटीमागेच होतं, मीच परत ठेवलं होतं. आता तिने ते उंबरठ्याच्या आत आणून देवाच्या कोनाड्यात ठेवलं आहे. पाच चार, अठ्ठावीस, एवढे आकडे मकसूदभाईंच्या अक्षरात दिसतात.

मग ती म्हणाली, बसून बघ. हेमाचं पत्र आल्यापासून आम्ही कामापुरतं बोलत होतो, पण तिने स्वतःहून काही मागितलं ते हे पहिलंच. बैठक गॅलरीत ठेवली आणि बसलो. ती दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी जरा वळवळल्यासारखं केलं आणि म्हटलं, खांद्यात आवळते गं, ही गाडी मला जमलीच नसती. तिने दोनदा विचारलं, खरंच ना. मी खरंच म्हटलं. त्या दिवशी ती नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

आपल्याला मात्र खरं लिहितो. काका, बैठक तंतोतंत बसली.

मकसूदभाईंना आणि गुलजारना माझा नमस्कार सांगावा, आणि त्यांनी विचारलं तर तंतोतंत बसली असंच सांगावं. आईला मात्र कधी लिहू नये. मे महिन्यात रजा आहे, आपल्याला भेटायला येतो, या वेळी आई आणि मी दोघंही. तोवर प्रकृतीला जपावं आणि आमच्यावरची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
श्रीधर