पंखा पाण्यात राहील इतकी लांब

अण्णा, राम घाटावरच्या बोटीची मोटर शेवटी मी निवडली. कागदावर नाव तुमच्या धाकट्या मुलाचंच आहे, फ्रीगंजचं दुकान आता तोच चालवतो, पंप दुरुस्तीला येणारे अजून तुमच्याच नावाने हाक मारत येतात. पण कोणती मोटर घ्यायची यावरून तीन आठवडे भांडले ते मी. तुम्ही असतात तर भुवया उंचावून म्हणाला असतात, आमच्या कॉन्व्हेंटवालीला इंजिनातलं कधीपासून कळायला लागलं? मला इंजिनातलं काही कळत नाही, अण्णा. मला फक्त एक गोष्ट कळते, आणि ती कशी कळली हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

बोट कशी आहे ते आधी सांगते. ॲल्युमिनियमचे दोन लांब बंद नळे, त्यांच्यावर सपाट मजला, चारी बाजूंना कठडा. पाँटून म्हणतात तिला. पितृपक्षात बाहेरगावचे म्हातारे लोक येतात आणि त्यांना घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत. त्यांना वरच्या बाजूच्या उतारावरून खुर्चीसकट बोटीवर घ्यायचं, नदीत नेऊन हाताने पाणी देऊ द्यायचं आणि संध्याकाळची आरती दाखवून परत आणायचं, अशी घाटावरच्या समितीची कल्पना. बोट तयार आली, मोटर इथे बसवायची होती. ही मोटर बोटीच्या मागच्या फळीवर अडकवतात. तिचा दांडा खाली पाण्यात जातो आणि दांड्याच्या टोकाला पंखा असतो. तो पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा बोट पुढे जाते. इंदूरच्या एका माणसाकडे पंधरा हॉर्सपॉवरची मोटर तयार पडून होती, आखूड दांड्याची. लांब दांड्याची दहा हॉर्सची होती ती बाहेरून मागवावी लागणार होती, आणि पितृपक्ष तोंडावर आला होता.

मी शिवणाची टेप घेऊन घाटावर गेले. मागच्या फळीपासून नळ्यांच्या तळापर्यंत वीस इंच भरले. आखूड मोटरीचा दांडा पंधरा इंचांचा. दुकानात येऊन धाकट्याला सांगितलं, तर तो चहाचा ग्लास खाली न ठेवताच म्हणाला, "ताई, पंधरा हॉर्स आहे, पंधरा! हत्ती ओढून नेईल."

"हत्ती नंतर ओढ. पंख्याला पाणी मिळालं नाही तर काय ओढणार?"

"मिळेल ना. फळी पाच इंच खाली उतरवून वेल्डिंग मारतो. मामला खतम."

"आणि माणसं सगळी पुढे गेली की?"

"पुढे कुठे जातील? बोट आहे ती, सराफ्यातली चाटची गाडी आहे का?"

समितीतले म्हातारे नावाडी तिथेच बाकावर बसले होते. मी त्यांच्या नातीला इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे मान ठेवून पण टोचलंच त्यांनी. "दीदी, आप कॉपियाँ जाँचो. इंजन भैया देख लेंगे." दोघंही हसले. मीही हसले, आणि घरी येऊन स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी राहिले.

तेच स्वयंपाकघर नव्हे, अण्णा, पण मला दिसत होतं ते आपलं जुनं. आई पोळ्या करते आहे. तुम्ही पाटावर, अंगात ग्रीसचे डाग पडलेला सदरा, आणि समोर परदेशी मोटरींचा कॅटलॉग. मी शाळेच्या गणवेशातच आहे, नवव्या वर्गात. तुम्हाला मराठी येतं, हिंदी येतं, मोडकं इंग्रजी कळतं, पण बारीक अक्षरातलं नाही, म्हणून हा रिवाज ठरून गेलेला. सिस्टर शिकवायच्या तसं स्पष्ट उच्चारात मी इंग्रजी वाचायचं आणि मग वाक्यावाक्याचं मराठी करून सांगायचं. दुकानात तुम्ही गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा, बच्ची पढ़के बताती है. त्याआधी कधीतरी एका पंपाच्या पुस्तकातली दोन वाक्यं मी गाळली होती, कारण ती मला निरर्थक वाटली होती. तुम्ही पकडलंत. आवाज न चढवता म्हणालात, "मला काय कळायला हवं ते तू ठरवू नकोस. तू वाच." मी रडले नाही, पण कान गरम झाले होते ते अजून आठवतं.

आणि तरी त्या दिवशी मी पान गाळलं. एका धर्मशाळेने लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकून तराफा बनवला होता आणि त्याला मोटर बसवायचं काम तुम्हाला दिलं होतं. तुम्ही पंप शेकड्याने दुरुस्त केलेले, पण बोटीची मोटर ही पहिलीच. मी पान उलटते. एक कोष्टक आहे, आकडेच आकडे, आखूड आणि लांब दांड्याची मापं, कोणत्या उंचीच्या फळीला कोणता दांडा. खाली मैत्रीण सायकलची घंटी वाजवते आहे. शाळेच्या नाटकाची तालीम आहे आणि मला उशीर झाला आहे. तुम्ही विचारता, "यात काय आहे?" मी म्हणते, "काही नाही, पॅकिंगच्या खोक्याची मापं आहेत." तुम्ही मान हलवता. तुमचा माझ्यावर इतका विश्वास आहे की तुम्ही पान पुन्हा उलटूनही बघत नाही.

मोटर आखूड दांड्याची आली. तुम्ही वाळूची पोती सगळीकडे सारखी रचून तराफा चालवून पाहिलात, छान चालला. मग पर्वाच्या दिवशी माणसं बसली. मी आणि आई पायऱ्यांवर होतो. आरतीला तुम्ही तराफ्याचं तोंड घाटाकडे करून तो प्रवाहात मोटरीच्या जोरावर धरून ठेवलात. घंटा वाजली आणि तराफ्यावरची सगळी माणसं उठून, हात जोडत, पुढच्या टोकाला गेली. आपल्याकडे आरती सुरू झाल्यावर कोण मागे बसून राहतं? पुढचं टोक दबलं, मागचं उचललं, आणि पंखा पाण्याबाहेर आला. तो आवाज मी विसरले नाही. रिकाम्या मिक्सरसारखा, किंचाळणारा, आणि तराफा मात्र जागचा हलत नाही, नुसता आडवा होत प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या छोट्या पुलाकडे वाहत निघालेला. तुम्ही हँडल दोन्ही हातांनी खाली दाबत होतात, जणू तुमच्या वजनाने पंखा पाण्यात जाईल. एका नावाड्याने दोर टाकला, तराफ्याला हिसका बसला आणि एक म्हातारी पाण्यात पडली. तिला बाहेर काढलं. वाचली ती. पण पायरीवर बसून ती खोकत होती तेव्हा तुम्ही तिच्यासमोर भिजलेल्या कपड्यांनी उभे होतात, आणि तुमचं तोंड मी पुन्हा कधी तसं पाहिलं नाही.

घरी येऊन तुम्ही मोरीत हात धुतलेत, धूतच राहिलात. आई म्हणाली, जेवून घ्या. तुम्ही म्हणालात, "पोती हलत नाहीत. माणसं हलतात. एवढं माझ्या लक्षात यायला नको होतं?" मी दाराआड होते. तेव्हा बाहेर येऊन सांगायला हवं होतं, अण्णा, की एक पान होतं. नाही सांगितलं. तुम्ही नंतर बोटीच्या मोटरीला हात लावला नाहीत आणि चूक माझी, असं विचारेल त्याला सांगत राहिलात. लांब दांडा असता तर पंखा पाण्यात राहिला असता का, की माणसं तेवढी पुढे गेल्यावर तोही कमी पडला असता, हे मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं तुमची पोती चुकली. कधी वाटतं माझी सायकलची घंटी.

म्हणून मी धाकट्याला सोडलं नाही. त्याने फळी खाली उतरवून मोटर बसवली, पोती रचून चालवली, आणि विजयी मुद्रेने मला फोन केला, "आता बोल." मी म्हटलं, पोती उतरव आणि वीस माणसं चढव. तो चिडला. "ताई, तुला नेमका प्रॉब्लेम काय आहे? मोटरचा की माझा?" मी म्हटलं, बोट काठाला दोराने बांध, पण माणसं चढव. फुलवाल्या, दोन पंडित, नावाड्यांच्या घरची माणसं, असे वीसेक जण हसत-खिदळत चढले. म्हातारे नावाडी म्हणाले, "दीदी की परीक्षा है, सब पास होना." धाकट्याने मोटर लावली, दोर ताणला गेला, बोट जोरात ओढत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वरच्या पायरीवरून ओरडून सांगितलं, "अब आरती शुरू हुई समझो!"

सगळे पुढे आले. अण्णा, तोच आवाज. पन्नास वर्षांनी, दुसऱ्या मोटरीतून, अगदी तोच. ताणलेला दोर सैल पडला आणि बोट आडवी फिरली. फुलवाल्या घाबरून कठड्याला बिलगल्या. धाकट्याने मोटर बंद केली आणि हात हँडलवर तसाच ठेवून बसला. मला त्याच्या पाठीचा कणा दिसत होता, तुमच्यासारखाच वाकलेला. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "लांबवाली मागवतो." नावाडी काकांनी डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं.

लांब दांड्याची मोटर आली तेव्हा पितृपक्षाचे चार दिवस सरले होते आणि बाहेरगावचे लोक धर्मशाळेत वाट बघत होते. फळी उतरवलेली तशीच ठेवली, म्हणजे पंखा आणखी पाच इंच खोल गेला. मी हट्टाने बोटीच्या पुढच्या भागाला आडवी साखळी लावून घेतली, म्हणजे कितीही भक्ती उचंबळली तरी माणसं टोकापर्यंत जाणार नाहीत. धाकट्याने पुन्हा दोर बांधून, वीस माणसं साखळीपर्यंत आणून पाहिली. दोर ताठ राहिला. सगळं पटलं त्याला. मला पटलं नाही. पावसाचं पाणी नदीत अजून होतं, प्रवाह ओढत होता, आणि दोर ताठ राहणं वेगळं, मोकळ्या पाण्यात बावीस म्हातारी माणसं घेऊन उभं राहणं वेगळं.

काल संध्याकाळी पहिली फेरी झाली. खुर्च्या चढवल्या. एक आजोबा सारखे विचारत होते, पाणी आत तर येणार नाही ना, आणि त्यांची सून म्हणत होती, "बाबूजी, बैठो तो सही." धाकटा हँडलपाशी होता. त्याच्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. "ताई, चल, तुझी जागा धरलीय."

मी म्हटलं, "गुडघे फार दुखतायत रे. तू जा."

बोट मध्यात गेली, तोंड घाटाकडे फिरलं. घंटा वाजली. ज्यांना उठता येत होतं ते सगळे उठले आणि साखळीला येऊन भिडले. मागचा भाग उचलला. मोटरीचा सूर वर चढला. मी वरच्या पायरीवर दगडाचा खांब धरून उभी होते आणि पुलाकडे बघत होते, बोटीकडे नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही, एखादं कडवं असेल. मग सूर खाली बसला, खोल, पाण्यातला. बोट जागेवर राहिली. आरती संपेपर्यंत राहिली. परत आल्यावर ते आजोबा धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही.

नंतर तो घरी आला, पाय पसरून बसला आणि म्हणाला, "ताई, खरं सांगू? मनात धाकधूक होती. पण म्हटलं तू निवडलीय, तू एवढी खात्री केलीय, मग कशाला घाबरायचं." मी त्याला चहा दिला. त्या पानाबद्दल त्याला सांगावं असं ओठांवर आलं होतं. हे सगळं लिहून त्याच्याच हातात द्यावं असंही आज सकाळपासून वाटत होतं, तुमच्यापर्यंत काय पोचणार आहे. पण देणार नाही. तो उद्याही म्हाताऱ्यांना घेऊन जाणार आहे आणि त्याने बिनघोर जायला हवं.

माझे गुडघे दुखत नव्हते, अण्णा.