कोटाचं मधलं बटण आणि बाकीची मालमत्ता

गेल्या महिन्यात माझ्या नातीनं टीव्हीवर, डोक्यावर दिवे आणि समोर कपभर कॉफी घेऊन, मुलाखत घेणाऱ्या बाईला सांगितलं, "पडद्यावरच्या चुका दिसायची नजर मला माझ्या धाकट्या आजीकडून मिळाली." धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ. मी मुलीची सख्खी आजी, तिच्या बापाची आई, टीव्हीसमोरच बसले होते. शेजारी धाकटी होती. ती म्हणाली, "काहीतरीच बोलते पोरगी," आणि चष्मा पुसायला लागली. स्वच्छ होता चष्मा. नातीची ही चूक आधी नोंदवून घ्यावी. मालमत्तेचं नंतर.

मी, वय वर्षं एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता तिसरी, तीही अर्धी, चाळीस वर्षं स्टुडिओच्या कपडेपटात धुलाई, इस्त्री आणि शिलाई केलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. वकिलानं छापील मसुदा आणला होता. त्यात 'लिहून देणार' सात वेळा होता आणि मी एकदाही नव्हते. म्हणून कायद्याचे कामापुरते शब्द ठेवले आणि बाकीचं मी घातलं. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी कोणाची छाती नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत टाचला आहे. डोळे ठिकाणावर असल्याचा चष्मेवाल्याचाही टाचला आहे. वकील म्हणाला, "आजी, डोळ्यांचा दाखला कायद्याला लागत नाही." म्हटलं, "कायद्याला नसेल लागत. मला लागतो."

कलम पहिलं. माझ्या नावावर असलेल्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली, टीव्हीसकट, माझ्या पश्चात माझ्या मुलाची. मुलगा गरीब स्वभावाचा आहे. पडद्यावर मेलेल्या माणसाचं पोट वरखाली होत असतं आणि हा शेजारी बसून रडत असतो. अशा माणसाला निदान घर तरी स्वतःचं असावं.

मागची खोली धाकटी जिवंत असेतो धाकटीच्या ताब्यात राहील. तिला तिथून कोणी उठवायचं नाही. सुनेनं तिथे कपाट करायचा बेत मनात आखून ठेवला आहे, तो तिनं मनातच ठेवावा. हे मी मायेपोटी लिहिते असं कोणी समजू नये. त्या खोलीतून टीव्ही दिसत नाही.

कलम दुसरं. बँकेत जे असेल त्यातून मला पोचवण्याचा खर्च भागवून उरलेलं मुलाचं. आकडा मुद्दाम लिहीत नाही. आकडा कळला की माणसं तब्येतीची फार चौकशी करतात.

कलम तिसरं, हत्यारं. शिलाई मशीन सुनेला. ती त्याच्यावर कुंडी ठेवेल. ठेवू दे, पण तेल घालत जावं. इस्त्री खालच्या लाँड्रीवाल्याला, तो तिच्यावर कधीपासून डोळा ठेवून आहे. मोठी कात्री नातीला. तिनं कागद कापला तर मला जिथे असेन तिथे कळेल.

कलम चौथं. नजर.

वकील म्हणतो, नजर ही स्थावर नाही, जंगमही नाही, ती मृत्युपत्रात देता येत नाही. देता येत नसेल, पण पळवता येते हे मी टीव्हीवर बघितलं. म्हणून ती कोणाची हे इथे लिहून ठेवते.

घोड्यावरच्या सरदाराच्या मनगटावर घड्याळ बांधल्याचा पांढरा पट्टा मी पहिल्यांदा दाखवला. बर्फात दोघं बोलतात, एकाच्या तोंडातून वाफ निघते आणि दुसऱ्याच्या नाही, म्हणजे दुसरा नंतर घरात बसून बोलला आहे, हेही मीच. लढाईत हजार माणसं दिसतात, त्यात एकच लंगडा अकरा वेळा पळतो. मोजले आहेत. जखम डाव्या गालावर झोपते आणि उजव्या गालावर उठते.

नात आता कॉम्प्युटरवर राक्षस, आग आणि पूर बनवते. ती ज्या मालिकेमुळे टीव्हीवर बसली, त्या मालिकेचा राक्षस तिनं आधी घरी आणून दाखवला होता. राक्षस खिडकीतून येतो आणि झोपलेल्या बाईच्या गादीवर बसतो. धाकटी म्हणाली, "अगंबाई, केसन् केस दिसतोय त्याचा." नात हसली. मी विचारलं, "हा जेवत नाही वाटतं."

"म्हणजे गं, आजी?"

"एवढं धूड बसलं आणि गादी दबली नाही. चादरीला एक सुरकुती नाही. माझ्याकडे इस्त्रीला आल्यासारखी चादर."

 नातीनं परत पहिल्यापासून लावलं, नाकाजवळ नेऊन बघितलं आणि तिच्या साहेबाला फोन केला. त्या दबलेल्या गादीबद्दल मुलाखतवाल्या बाईनं तिचं खास कौतुक केलं. आणि तिनं नाव घेतलं कोणाचं, ते वर लिहिलंच आहे.

कलम पाचवं. धाकटी.

धाकटी मॅट्रिक झालेली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अक्षराची घरात अशी वाहवा झाली की जणू भाकरी अक्षरानंच भाजतात. माझे सासरे वाण्याची यादीसुद्धा तिच्याकडून लिहून घ्यायचे आणि दोनदा वाचायचे. माझ्या हातचं जेवायचे आणि तिला शाबासकी द्यायचे.

तिला स्टुडिओत मी नेली. दिग्दर्शकाला वही ठेवणारं माणूस हवं होतं. चित्रपट सरळ काढत नाहीत. आधी मरण काढतात, मग लग्न, मग बारसं. त्यामुळे कोणत्या प्रसंगात कोणाच्या कोणत्या खिशात रुमाल होता, मेणबत्ती किती उरली होती, हे लिहून ठेवावं लागतं. याला कंटिन्यूइटी म्हणतात. मी म्हटलं, माझी जाऊ आहे, छान लिहिते. माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

पहिले सहा महिने ती दर थोड्या वेळानं कपडेपटात यायची. "वहिनी, याची बाही दुमडलेली होती का हो?" मी इस्त्री न थांबवता सांगायची, "उजवी दोन घड्या, डावी एक." ती लिहायची. मी बघायचं आणि तिनं लिहायचं. तिला घडीची खुर्ची मिळाली, मी उभी. तिला दिग्दर्शक मॅडम म्हणायचा, मला मावशी, आणि तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. चित्रपटाच्या शेवटी पाट्या सरकतात त्यात तिचं नाव यायचं. कपडेपटाच्या पाटीवर मालकाचं. घरातले सगळे तिच्या नावासाठी शेवटपर्यंत थांबायचे. मला म्हणायचे, "तू हो पुढे, रिक्षा बघ."

मला मत्सर वाटायचा. मेलेल्या माणसानं लाजून काय करायचं, म्हणून सरळ लिहिते. अजून वाटतो.

कलम सहावं. हे कलम वाचताना वकिलानं घाई करू नये.

एका चित्रपटात दोन भावांचं भांडण होतं. थोरला धाकट्याचा कोट धरतो, मधलं बटण तुटून फरशीवर पडतं आणि धाकटा तसाच घराबाहेर गल्लीत निघून जातो. खोलीतला भाग आधी काढला, गल्लीतला तीन आठवड्यांनी. मधल्या काळात कोट माझ्याकडे होता. तुटलेलं बटण दिसलं की कपडेपटातल्या बाईचा हात आपोआप सुईकडे जातो. तो कोट 'तसाच ठेवायचा' होता हे मला ठाऊक होतं. पण चाळीस कपडे होते, हातानं आपलं काम केलं, बटण शिवलं गेलं. इथवर चूक. इथून पुढे चूक नाही.

गल्लीतल्या चित्रणाच्या सकाळी दिग्दर्शक सगळ्यांसमोर धाकटीला म्हणाला, "मॅडम, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही." आदल्या दिवशी पत्रावरच्या शाईचा डाग जागा बदलत होता, तो तिनं सांगितला होता. तिला मी सांगितला होता.  ती मान खाली घालून हसली. मी मनात म्हटलं, बघू सुटतंय का.

नट कोट घालून उभा राहिला. मधलं बटण जागेवर चकाकत होतं. कात्री माझ्या हातात होती, एक दोरा कापायचा होता. धाकटी वही घेऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, कोट बघितलात ना?"

मी म्हटलं, "बघितला."

चित्रपट लागला. बटण खोलीत पडायचं आणि दाराबाहेर परत उगवायचं. थिएटरात पोरं शिट्ट्या मारायला लागली. पेपरात एकानं लिहिलं, या कोटाला बटणं लागतात म्हणजे झाडाला फळं लागावीत तशी लागतात. निर्मात्यानं धाकटीला बोलावलं आणि पाच मिनिटांत घरी पाठवलं. पुन्हा कोणत्याही स्टुडिओनं तिला घेतलं नाही. बटण कोणी शिवलं हे मला कोणी विचारलं नाही. मावशीला कोण विचारतो.

ती घरी बसली. त्याच वर्षी नात झाली. सून नोकरीला, मी स्टुडिओत, म्हणून पोरगी दिवसभर धाकटीच्या मांडीवर. तिथे बसून पोरीनं धाकटीच्या जुन्या वह्यांमधली चित्रं बघितली: कोणता पेला कुठे, कोणती बट कपाळावर. पाच वर्षांची असताना मला म्हणाली, "आजी, तू सकाळी केसात पिन उजवीकडे लावली होतीस." मला धन्य वाटलं. मग ती म्हणाली, "हा खेळ धाकट्या आजीनं शिकवला." धाकटीला घरी कोणी पाठवलं हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे मी त्या दिवशी कोणाला काही बोलू शकले नाही.

कलम सातवं. मुलाखतीनंतर चार दिवसांनी धाकटी दात दाखवायला गेली होती. मी तिच्या खोलीत जाऊन तिची पेटी उघडली. चोरी म्हणा. त्या चित्रपटाची वही काढली आणि बोट ठेवून वाचली. गल्लीच्या दिवसाच्या पानावर लिहिलं आहे: "कोट. मधलं बटण आहे. नको होतं. वहिनी म्हणाल्या, बघितला."

ही ओळ नंतर घुसडलेली नाही. मी तपासलं. वरच्या आणि खालच्या ओळीपासून अंतर सारखं, शाई तीच, आणि पान उलटताना लागलेला तळहाताचा डाग तिन्ही ओळींवरून गेलेला. म्हणजे तिला त्याच वेळी दिसलं होतं. तिनं चित्रण थांबवलं नाही. निर्मात्यानं हाकललं तेव्हा ही वही तिच्या काखेत होती. पान उघडून दाखवलं असतं तर घरी मी बसले असते. त्या वर्षी माझे यजमान अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांचं औषधपाणी माझ्या पगारावर चालत होतं, हे तिला माहीत होतं.

पण तिनं त्यासाठीच वही मिटली, की माझा शब्द मोडवेना म्हणून, की मला जन्मभर तिच्या उपकाराखाली ठेवायचं म्हणून, हे मला कळत नाही. बाकी सगळं मला दिसतं. हे दिसत नाही. दया केली असेल तर ती मला नको होती. एवढी वर्षं ज्या बाईवर मी जळले, ती चांगुलपणातही माझ्या पुढे निघाली असेल, तर ते मला लेखी हवं आहे.

वकील म्हणाला, "आजी, धाकट्या आजी भिंतीपलीकडेच आहेत. आत्ता विचारा की." विचारलं तर ती माझं मन राखेल. मी गेल्यावर राखायला मन उरणार नाही, तेव्हा खरं बोलेल.

वरील मजकूर मी राजीखुशीनं, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून लिहिला असून दोनदा वाचला आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: अकरा, मंगळवार, सकाळी.
सही (अंगठा नाही): मोठी.

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. त्यानं मला लिहिताना बघितलं.
साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरची शाळामास्तरीण. तिनं तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि बाकीचं वाचून तोंड मिटलं.

वाचणाऱ्यास सूचना: हे पुढच्या खोलीत, टीव्ही बंद करून, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं. नातीनं ती वही आणून ते पान उघडून धाकटीच्या हातात द्यावं. मग धाकटीनं सांगावं की त्या दिवशी तिनं वही का मिटली. मुलानं मध्ये बोलायचं नाही, सुनेनं चहा ठेवायला उठायचं नाही, नातीनं तिच्या वतीनं एक अक्षर काढायचं नाही. नजर कोणाकडून मिळाली हे नातीनं ते ऐकून ठरवावं. वकिलानं उत्तर खाली लिहून घेऊन तिची सही घ्यावी. उत्तर धाकटीनंच द्यायचं, आणि "जाऊ द्या, वहिनी" हे उत्तर धरलं जाणार नाही.