सात वर्षांची कवळी

६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून तू म्हणालीस तसं कागदावर लिहितेय. कागदावर निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

बातमी अशी की आमची भिंगरी पोस्टरवर येणार! परवा आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई फ्रेम बदलायला आल्या होत्या. लहान मुलांच्या कपड्यांची ती मोठी दुकानं आहेत ना गावोगाव, त्यांच्या जाहिराती त्या करतात. भिंगरी शाळा सुटल्यावर काउंटरमागे बसली होती. बसली कसली, एकेक फ्रेम नाकावर चढवून गिऱ्हाइकांच्या नकला करत होती. बाई बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, ही पोर आम्हाला द्या. मी आधी घाबरलेच.

अडचण एकच. तिचे वरचे समोरचे दोन्ही दात पडलेत, हसली की खिडकी उघडते. बाई म्हणतात, फोटोपुरतं काहीतरी करा. तर तू तिला दोन दातांची छोटीशी पट्टी करून देशील का? तुझ्या हातचे दात घालून लोकांच्या आज्या सफरचंदं चावतात, तिथे हे म्हणजे तुझ्या डाव्या हाताचा मळ. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही बहिणी ठरवा, मला लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचंय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं की असं होतं, बोलायच्या वेळी माणूस नेमका खाली असतो.

लोभ आहेच, या वेळी जरा कामातही दिसू दे.

तुझी,
धाकटी


११ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. हाताला ओलं प्लॅस्टर होतं, ते दिवसभर कपाळावर होतं आणि कोणी सांगितलंही नाही.

अगं, सात वर्षांच्या पोरीला कवळी? हो, कवळीच. पट्टी म्हटल्यानं ती काही लहान होत नाही. माझ्या पेटीतला सगळ्यात लहान दात साठीच्या बाईला बसतो. माझ्याकडे लोक येतात ते दात गेले म्हणून, परत यायचे नाहीत म्हणून. तुझ्या पोरीचे तर वाटेवर आहेत! त्यांच्या वाटेत मी भिंत बांधू का?

आणि मला एक सांग, ज्यांना लहान मुलांचे कपडे विकायचेत त्यांना लहान मुलाचं तोंड का चालत नाही? सात वर्षांची मुलगी म्हटली की बोळकं असणारच. ते झाकायचं म्हणजे तिचं वयच झाकायचं. तिला नक्की कोण बनवायचंय, हे त्या बाईंना विचार आणि मला कळव.

मी करणार नाही. दुसरं काहीही सांग, मोजे विणून देते.

राग मानू नकोस, मानलास तरी दोन दिवसांत सोड.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग मी दोन दिवसांत सोडणार नाही, मुद्दाम तीन आठवडे धरलाय.

पट्टी इथल्याच एकाकडून करून घेतली. त्यानं प्रवचन दिलं नाही. फोटो झाले, पोस्टरं छापलीसुद्धा. चौकातच लागलंय, ताई! भाजीवाल्यापासून शाळेच्या मुख्य बाईंपर्यंत सगळे मला थांबवून बोलतात. सोळा वर्षं मी त्या चौकातून कामाला जातेय, माझी कुणी चप्पल ओळखली नव्हती.

तुला सगळ्या जगाची तोंडं उघडून बघायची सवय, म्हणून तुला सगळीकडे कीडच दिसते. पोरगी खूश आहे. तिथे तिच्यासाठी आरसा होता, दिवे होते, चार माणसं तिच्या मागेपुढे. फोटोवाले काका तर तिच्यावर फिदा. म्हणाले, खरे दात आले की ते फावड्याएवढे असतात, मग ही मजा जाते, त्याच्या आत पुढचं पोस्टर उरकून टाकू. म्हणून आम्ही एप्रिलमधलं शूटिंग मार्चवर आणलंय.

तुमच्या गावातही लागेल. बघ आणि मग बोल.

लोभ असू दे, उपदेश नसला तरी चालेल.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

बघितलं, आता बोलते.

बसथांब्यावर उभी होते. समोर दोन मजल्यांएवढी एक बाई. ओठांना लाली, गालांना लाली, मान तिरकी, कमरेवर हात. खाली लिहिलंय, ‘बघतच राहाल’. मी चष्मा पुसला. कानामागची ती जन्मखूण दिसली तेव्हा कळलं, ही आपली भिंगरी. देवाशप्पथ सांगते, तोवर मी तिला ओळखलं नव्हतं. जी पोरगी माझ्या कामाच्या खोलीत प्लॅस्टरचे जबडे एकमेकांशी भांडायला लावायची, तिला मी ओळखलं नाही!

माझ्या मागे दोन पुरुष उभे होते, चांगले पन्नाशीचे, हातात ऑफिसच्या बॅगा. ते वर बघून काय बोलले ते मी कागदावर लिहिणार नाही. मी मागे वळून त्यांना त्या मुलीचं वय सांगितलं. एक जण म्हणाला, मग असं लावतात कशाला, आम्ही लावलंय का? चोराच्या उलट्या बोंबा! पण बोंब मारताना अर्धं खरं बोलला मेला.

तशीच त्या दुकानात गेले. मॅनेजर पोरसवदा, टाय बांधलेला. म्हणाला, पोस्टर गोड आहे, वाईट असते ती बघणाऱ्याची नजर. मी म्हटलं, नजर वळवायलाच तुम्ही पैसे मोजलेत, मग ती कुठे वळली याचा हिशेब कुणी द्यायचा? तर हसला आणि म्हणाला, मॅडम, मुलीच्या आईची सही आहे.

आमच्या इथल्या शाळेच्या पालकांनी या पोस्टरविरुद्ध अर्ज काढलाय. त्या बायका माझ्याकडे आल्या. त्यांच्या मुली लाली लावून आरशासमोर तसाच हात कमरेवर ठेवून उभ्या राहतात म्हणे. एक पहिलीतली पोट आत ओढून जेवते. मी सही केली. सख्ख्या भाचीच्या फोटोविरुद्ध सही करताना कसं वाटतं, विचार मला. आपलेच दात, आपलेच ओठ.

मार्चचं शूटिंग रद्द कर. मी विनंती करतेय, आणि मी विनंती कधी करते तुला ठाऊक आहे.

लोभ आहे, म्हणूनच एवढी शाई घालवली.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू कशी आहेस? मी बरी आहे. बाबांनी मला लिफ्टची मोटार दाखवली. ती खूप आवाज करते.

आई म्हणते तू तिच्यावर रागावली आहेस, पण माझ्यावर नाही ना? माझं एक काम आहे. तू दात करतेस म्हणून तुलाच विचारते. दात येऊ नयेत म्हणून औषध असतं का? मला वरती टोचतंय. म्हणजे ते येतायत. फोटोवाले काका म्हणाले ते फावड्याएवढे असतात आणि मग मी छान दिसणार नाही. मी रोज अंगठ्यानं त्यांना वर ढकलते. रात्रीपण पट्टी घालून झोपते म्हणजे त्यांना बाहेर यायला जागा मिळणार नाही. दुखतं पण मी रडत नाही, कारण रडलं की गालावरची लाली पसरते, असं तिथल्या ताई म्हणाल्या होत्या.

औषध नसेल तर तू मला कायमचे छोटे दात करून दे. मी खाऊचे पैसे देईन.

हे आईला सांगू नको. दात येतायत हे कळलं तर ती नाराज होईल.

तुझी लाडकी,
भिंगरी


२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीचं पत्र हातात पडल्या पडल्या तू फोन केलास, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याशी भांडले नाही. फोन ठेवला आणि तिला झोपेतून उठवलं. तोंड उघडायलाच तयार नाही. शेवटी ह्यांनी तिला मांडीवर घेतलं तेव्हा पट्टी निघाली. हिरडी लालबुंद झाली होती आणि एका दाताची पांढरी कड तिरकी डोकावत होती. इतके दिवस मी रोज सकाळी तिची वेणी घालत होते, ताई. तोंडात बघितलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, वेळीच आलात, आता काहीही करू नका, येतील ते येऊ द्या. मग मी त्या बाईंना फोन करून शूटिंगला येणार नाही म्हणून कळवलं. मला वाटलं होतं त्या चिडतील, मग मलाही चिडता येईल. त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, हरकत नाही, तुमच्या ओळखीत पाच वर्षांची कुणी आहे का, त्यांचे दात शाबूत असतात. माझ्या मुलीचं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी!

चौकातलं पोस्टर निघत नाही. हंगाम संपेपर्यंत राहणार, माझीच सही आहे. हे एका रात्री कामावरची शिडी घेऊन निघाले होते, मी दारात आडवी झाले, कारण नोकरी गेली तर खायचं काय? आता मी लांबच्या रस्त्यानं दुकानात जाते. तरी भाजीवाला विचारतोच, पुढचं कधी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तुमच्या त्या अर्जाचा कागद मला पाठव. मी आईच्या नात्यानं सही करते, मग बघू तो टायवाला काय दाखवतो.

दात आले, ताई. दोन्ही. मोठे आहेत, करवतीसारखी कड आहे, मध्ये फट आहे. बाबांजवळ ती तोंडभर हसते. शाळेत हसते, दुकानात गिऱ्हाइकांच्या नकला करून स्वतःच खिदळते. मी आत आले की तोंडावर हात जातो. फक्त माझ्यासमोर. काल मी तिला जवळ घेऊन म्हटलं की तू किती सुंदर दिसतेस. तिनं हात तसाच ठेवून सांगितलं की पट्टी घातल्यावर पण तू हेच म्हणाली होतीस.

तू ये. चार दिवस रजा काढ आणि ये. तुझ्यासमोर ती हसेल. मी दाराआडून बघेन, तिला कळू देणार नाही.

लोभ असू दे म्हणायची आज हिंमत नाही, तू ये एवढंच.

तुझी,
धाकटी