डार्करूममधलं बोलणं

बाबा,

स्टुडिओतली डार्करूम उद्या तोडायची आहे. गवंडी सकाळीच येतो म्हणालाय. सध्या बाहेर ठेवलेले कॉम्प्युटर आणि प्रिंटर तिथे बसतील. डिजिटलचा विचार मी सगळ्या बाजूंनी केला. रोल नको, केमिकल नको, बोटं पिवळी होणं नको. गिऱ्हाईक आपला चेहरा कॅमेऱ्यातच बघतं आणि उभ्याउभ्या फोटो घेऊन जातं. फायदाच आहे. तरी एक गोष्ट हिशेबात धरता येईना.

बाहेर तुम्ही मोजकंच बोलायचात. ‘मान वर, हसा, झालं.’ आई गेल्यावर घरातही तेवढंच. पण डार्करूमची कडी लागून लाल दिवा पेटला, की तुमची जीभ सैल व्हायची. ट्रेमध्ये कागद हलवत, चेहरा उमटायची वाट बघत तुम्ही सांगत राहायचात, मी शेजारी उभी. आईला बघायला देपालपूरला गेलात, तर तिच्या काकांनी तुम्हालाच सगळ्या घराचा फोटो काढायला लावला; त्यामुळे होणारी बायको तुम्ही आधी जुन्या पेटी-कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत उलटी पाहिलीत. हे तुम्ही उजेडात कधी सांगितलं असतंत?

शहरातली कापड मिल बंद झाली त्या आठवड्यात आपण एका मिलमजुराच्या मुलीचा, स्थळांना दाखवायचा फोटो धूत होतो. हात न थांबवता तुम्ही म्हणालात, “मिलवालेच तर आपले गिऱ्हाईक. आता कोण येणार ग? मला दुसरं काही येत पण नाही. भीती वाटते.” तुमचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मी म्हटलं, “मी आहे न, बाबा.” तुम्ही नुसतं ‘हं’ केलंत. तेवढ्यात मुलगी कागदावर आली आणि तुम्ही म्हणालात, उचल, जास्त राहिली तर काळी पडेल. बाहेर आल्यावर पुन्हा ‘मान वर, हसा’ सुरू.

तुम्ही गेलात; आता मी एकटीच कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसते. चेहरा लगेच दिसतो, वाट बघावी लागत नाही, आणि शेजारी कुणी उभं राहायचं कारणही उरलेलं नाही. फार एकटं वाटतं, बाबा. त्यात लोकांच्या मोबाइलमध्येच कॅमेरा आलाय. मलाही दुसरं काही येत नाही. दादाला फोनवर हे सांगायला गेले, तर तो म्हणाला, “अग, डिजिटल तर घेतलं न, आता काय प्रॉब्लेम?” मी म्हटलं, काही नाही.

खरं सांगते, कॅमेरा बदलल्याचं मला दुःख नाही. मला भीती वाटते, एवढंच सांगायचं होतं. वाचायला कुणी नाही, म्हणूनच लिहिता आलं.