अठ्ठाविसावा सिपारा

माधवनगर,
गुरुवार

प्रिय कशिश,

अम्मीचा सलाम आणि ओंजळभर दुवा. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. तुझी दादी तर लयच जिवंत आहे. चहात साखर कमी पडली म्हणून आज सकाळी तिनं माझ्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या. घरात आपण दखनी बोलतो, पण मला लिहिता येतं ते मराठीच, शाळेत तेवढंच शिकले. तेव्हा चुका काढत बसू नकोस, नर्सबाई.

रविवारी तू साताऱ्याहून फोन केलास, तो अजून माझ्या कानात आहे. फरदीनच्या घरच्यांना निकाहात मुलीचा बाप समोर बसलेला हवा. तुझे अब्बा महाबळेश्वरहून यायला तयार आहेत, पण मी कोर्टातला तलाकचा, माझ्या सुटकेचा अर्ज मागं घेतला तरच. तू रडत म्हणालीस, अम्मी, लग्नापुरतं तरी थांब, नऊ वर्षं काढलीस तशी अजून थोडी. मी म्हणाले, बरं. फोन ठेवला आणि कारखान्यात कांड्या भरायला गेले. तिथं मागांचा एवढा खडखडाट असतो की माणूस मोठ्यानं रडलं तरी खपून जातं. पण मला रडू आलंच नाही, राग आला. तुझा नाही. बरं, खरं सांगते, थोडा तुझापण.

तुला सगळं ठाऊक आहे असं तुला वाटतं. तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. अब्बांची टॅक्सी महाबळेश्वरला, सीझनला ते तिकडंच राहायचे. मग भर पावसाळ्यातही राहायला लागले. तिकडं जुलैत एक गिऱ्हाईक मिळत नाही, एवढं मला कळतं. तिकडं दुसरा संसार मांडलाय हे तसंच कळलं. बकरी ईदला आले तेव्हा मी विचारलं. चिडले असते तर बरं झालं असतं गं. शांतपणे म्हणाले, समीना, तू आता मला अम्मीच्या जागी. अम्मीला बघ, पोरीला बघ, तुला कुणी घराबाहेर काढणार नाही. जेवले, हात धुतले आणि गेले. तेव्हापासून मी नांदतही नाही आणि सुटलेलीही नाही. तलाक द्या म्हटलं तर म्हणतात, तुला कमी काय आहे? माहेरी गेले तर भाऊ म्हणतो, नवरा आहे ना तुला? दोन्हीकडून दार बंद, आणि लोक म्हणतात घर किती छान.

आता एक ऐक. आपल्या मोहल्ल्यात कुराणखानी असली की तीस सिपाऱ्यांची पेटी उघडतात. एकेकीनं एकेक भाग वाचायचा, म्हणजे सगळ्या मिळून एका बैठकीत पूर्ण कुराण होतं. पहिला आणि तिसावा बायका पटकन उचलतात, बराचसा पाठ असतो ना. अठ्ठाविसाव्याची शिवण उसवलीय, पानं सुटी, सांभाळून धरावी लागतात, म्हणून तो कायम माझ्याकडं येतो. किती मयतांचे चाळिसावे दिवस झाले, किती नवी घरं झाली, मी तोच वाचत आले. भरभर वाचते म्हणून माझं कौतुक व्हायचं. अक्षर अन् अक्षर यायचं, अर्थ एका शब्दाचा नाही. विचारावा असं डोक्यातच आलं नाही. वाचून झालं की डोळ्यांना लावायचा, सरबत प्यायचं आणि घरी येऊन भाकऱ्या थापायच्या.

गेल्या रमजानात वाचनालयातल्या क्षमाताईंनी मला कुराणाचा मराठी तरजुमा आणून दिला. मी थेट अठ्ठाविसावा भाग काढला. पहिल्याच ओळीत एक बाई. नवऱ्याबद्दल वाद घालतेय, अल्लाहकडं गाऱ्हाणं करतेय, आणि अल्लाहनं ते ऐकलं, असं तिथं लिहिलंय. कशिश, मी बोट ठेवून ती ओळ परत वाचली.

तिचं नाव आयतीत नाही. खाली तळटिपेत होतं, खौला. वय झालेली, लेकुरवाळी. नवरा रागात म्हणाला होता, तू मला आईच्या पाठीसारखी. त्या काळी एवढं बोललं की बाई अडकली, ना बायको ना मोकळी. ती हजरत पैगंबरांकडं गेली. तिच्यासाठी काही वाट दिसेना, तरी ती उठली नाही. म्हणाली, जवानी याला दिली, आता पोरं याच्याकडं टाकली तर वाया जातील, माझ्याकडं ठेवली तर उपाशी मरतील. इतकं हळू बोलत होती की त्याच घरात असलेल्यांनाही सगळं ऐकू गेलं नाही. आणि तिच्यासाठी आयत उतरली, की आई तीच जिनं जन्म दिला, बाकीचं बोलणं वाईट आणि खोटं.

आणि मी नऊ वर्षं काय मागत होते? सबर दे. बस, सबर दे. गाऱ्हाणं केलं तर ईमान कमी पडलं, असंच मला वाटायचं. तिच्या नवऱ्याला पस्तावा झाला, त्याची भरपाई करून संसार सावरला. मला तो संसार नकोय. पण तिच्याएवढं बोलायचा हक्क मलाही आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. हसावं की रडावं?

ते पान मी तुझ्या दादीला वाचून दाखवलं. पोराविरुद्ध ती चकार शब्द ऐकून घेत नाही, म्हणून मी भीत भीतच वाचलं. तिनं पानाचा बटवा बाजूला ठेवला. मग एकदम मराठीवर आली, भांडताना येते तशी. म्हणाली, “आगं, सिकंदरची आई मी हाय. तू कशी हुशील? नऊ म्हैनं मी वाह्यलंय त्याला. लय शाना लागून गेलाय, दोन-दोन आया करतोय!” आणि थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत, “वकीलबाई कवा भेटती?” तो अर्ज असा झाला. तुला वाटलं मला क्षमाताईंनी फितवलं.

हे सगळं फोनवर सांगितलं नाही, कारण तू रडली असतीस आणि मी परत ‘बरं’ म्हणाले असते. रविवारचं माझं ‘बरं’ खोटं होतं, माफ कर. अर्ज मागं घेतलेला नाही. सोमवारी माझी जबानी आहे, आणि हे पत्र मुद्दाम साध्या टपालानं टाकतेय, तुझ्या हातात पडेल तोवर माझं बोलून झालेलं असेल. साक्षीला तुझी दादी येतेय, वॉकर धरून, पोटच्या पोराच्या विरुद्ध. फरदीनला हवं तर हे पत्र दाखव. लग्न मोडलं तर दोष माझा, खुशाल शिव्या दे. पण मी एका गोष्टीला भ्याले, पोरी. उद्या तुला कुणी असं अडकवून ठेवलं आणि तू माझ्या दारात आलीस, तर मी काय सांगितलं असतं? सबर कर, एवढंच. मला दुसरं काही येतच नव्हतं.

रागावलीस तरी तुझीच,
अम्मी