पोस्टरवरची मी

मुर्री, मंगळवार, संध्याकाळ

बसथांब्यावर आजही माझाच चेहरा. फोन धरून हसून राहिली मी, खाली लिहिलंय, 'आता आम्हाला तुमची बोली कळते.' एवढी मोठी फोन कंपनी, पण गरिबाचं ऐकत नाही म्हणून लोक शिव्या घालत होते. त्यावर हा उतारा!

खोटं आहे. जाहिरातीच्या शूटिंगच्या दिवशी मी त्या बोलून उत्तर देणाऱ्या फोनला आपल्या झाडीबोलीत विचारलं, "धानाले कोनता रोग लागला हाये?" फोन गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. मग त्यांचा साहेब गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, जरा शुद्ध बोला ना." बोलले, तर फोननं लगेच उत्तर दिलं. वर त्यांच्या करारावर सहीही केली. बाहेर काही सांगायचं नाही, हेही त्याच कागदात होतं. न वाचता सही कशाला केली मी?

आज आई फोन घेऊन आली, वैतागलेली. "माहं काऊन समजत नाही याले? तुहं त समजते. पोस्टरवर लिवलं हाये."

खरं सांगायला तोंड उघडलं. आणि निघालं काय? "आई, जरा शुद्ध बोल ना."

आईनं फोन खाली ठेवला. तेव्हापासून ती माझ्याशीही बोलली नाही.